रंगमंचावर न आलेली माणसे

नाटक वाचताना किंवा पाहताना आपले सारे लक्ष समोरच्या माणसांवर असते, आणि ते साहजिकच आहे. नाटककाराने ज्यांना बोलते केले त्यांचेच आपण ऐकणार. पण यंदा विजय तेंडुलकरांची तीन नाटके लागोपाठ वाचली आणि मला एक वेगळीच खोड जडली. पात्रांच्या नावांचे पान उलटले की मी मनाशी विचारते, यात कोण नाही? कोणाबद्दल नुसतेच बोलले जाणार आहे आणि तो माणूस मात्र शेवटपर्यंत येणार नाही? या खोडीमुळे मला जे दिसले ते या लेखात मांडण्याचा विचार आहे.

तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. १९४२ च्या चळवळीत, वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे वृत्तपत्रांत नोकऱ्या केल्या, लिहीत राहिले आणि १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ज्या माणसाची शाळाही पुरी झाली नाही त्याची नाटके आपण परीक्षेसाठी अभ्यासतो, या गोष्टीचे मला फार अप्रूप वाटले.

तेंडुलकर म्हटले की 'हिंसेचे नाटककार' असे उत्तरपत्रिकेत लिहून आपण मोकळे होतो. मला मात्र ही तीनही नाटके प्रेमाची वाटली. माणसाला प्रेम हवे असते, ते मिळवण्यासाठी तो धडपडतो, आणि भोवतीची माणसे त्या धडपडीचे काय करून टाकतात, हे त्यांत आहे. मारहाण त्यानंतर येते.

'शांतता! कोर्ट चालू आहे' हे त्यांतले पहिले. रंगायनने १९६७ मध्ये ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना प्रवासात भेटली आणि त्यातून हे नाटक सुचले, असे सांगतात. नाटकातली मंडळीही तशीच आहे. वेळ काढण्यासाठी ती खोटा खटला उभा करते आणि आरोपीच्या पिंजऱ्यात बेणारे या शिक्षिकेला घालते. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता खेळ खरा होतो. तिचे प्रेम, तिची नोकरी, तिच्या पोटातले मूल, सारे चव्हाट्यावर येते. शेवटी भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे तेच न्यायालय तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते.

ज्यांच्यावर बेणारेने जीव टाकला ते प्राध्यापक दामले याच मंडळीतले. पण ते त्या दिवशी आलेले नाहीत. नाटकभर त्यांचे नाव येते, माणूस येत नाही. खटला दोघांच्या प्रेमाचा, पिंजऱ्यात मात्र एकटी बेणारे. तिथे जमलेल्या एकालाही दामल्यांना खेचून आणावेसे वाटत नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा दामल्यांना नाटकात आणायचे राहून गेले की काय, असे मला वाटले होते. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की दामले आले असते तर तो खटला उभाच राहिला नसता. प्राध्यापक समोर बसलेला असताना काशीकरांची आणि सुखात्म्यांची जीभ इतकी सैल सुटली नसती.

दुसरे नाटक 'सखाराम बाइंडर'. हे १९७२ चे. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा. परिनिरीक्षण मंडळाशी झगडा झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि नाटक त्यातून सुटले. सखाराम पुस्तके बांधण्याचे काम करतो. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणतो. अन्न, वस्त्र, निवारा देतो, त्या बदल्यात सगळी सेवा घेतो आणि पटेनासे झाले की वाटेला लावतो. लग्नाचे ढोंग त्याला नको आहे. नाटकात येणारी लक्ष्मी ही सातवी आणि चंपा आठवी.

म्हणजे लक्ष्मीच्या आधी सहा बायका त्या घरात राहून गेल्या. त्यांनी चूल पेटवली, त्याच पट्ट्याचा मार खाल्ला, आणि एक दिवस गाठोडे घेऊन त्या दारातून निघून गेल्या. त्यांच्याविषयी एखाददुसरे वाक्य आहे, बाकी काही नाही. लक्ष्मी मुंगळ्याशी गप्पा मारते, कारण त्या घरात बोलायला दुसरे कोणी नाही. त्या सहाजणी कोणाशी बोलत असतील? लक्ष्मीसारखे मनातल्या मनात सखारामला नवरा मानून मंगळसूत्र त्यांच्यातल्या कोणी घातले होते का? चंपाचा गळा आवळला जातो तेव्हा आपल्याला धक्का बसतो. पण मला तर पहिल्या प्रवेशापासूनच त्या सहाजणी भिंतीला टेकून उभ्या असल्यासारख्या वाटत राहिल्या.

आता तिसरे नाटक. खरे म्हणजे याच्यासाठीच मी हे सारे लिहायला बसले आहे. 'कन्यादान' १९८३ मध्ये इंडियन नॅशनल थिएटरने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन सदाशिव अमरापूरकर यांचे. याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. याच नाटकापायी आपल्यावर एकदा चप्पल भिरकावली गेली होती, याची आठवणही त्यांनी तो स्वीकारताना करून दिली.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्याचे नाथ देवळालीकर हे समाजवादी विचारांचे आमदार. पत्नी सेवा स्त्रियांच्या संघटनेत काम करते. मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. घरात लोकशाही आहे, म्हणजे सगळे सगळ्यांशी चर्चा करतात. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी लग्न ठरवते. आईला आणि भावाला धास्ती वाटते. वडील मात्र हरखून जातात. आयुष्यभर भाषणांत सांगितलेले जात मोडण्याचे स्वप्न आता आपल्या घरात खरे होणार म्हणून. लग्न होते आणि अरुण ज्योतीला मारू लागतो, अगदी ती गरोदर असतानाही. पुढे अरुणचे आत्मचरित्र गाजते. त्यावरच्या परिसंवादाचे अध्यक्ष व्हा म्हणून तो सासऱ्यांना गळ घालतो. नाथ मनाविरुद्ध जातात आणि मनाविरुद्ध स्तुती करून येतात. ते भाषण ऐकलेली ज्योती घरी येऊन वडिलांना त्या खोटेपणाचा जाब विचारते. माणूस स्वीकारायचा तर सबंध स्वीकारायचा, ही आता तिची धारणा आहे. आपण देवळालीकर नाही, आठवले आहोत, असे बजावून ती परत जाते.

मराठीच्या बाईंनी या नाटकावर वर्गात चर्चा ठेवली होती. एक मुलगा उठून म्हणाला, "तेंडुलकरांनी वास्तव लिहिलं आहे. त्या लोकांत हे असतंच." 'त्या लोकांत' हे दोन शब्द तो अगदी सहज म्हणून गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसले आहे, हेही त्याच्या ध्यानात नसावे. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, विहाराच्या पलीकडे आहे.

मी उभी राहिले आणि विचारले, "सखाराम बाइंडर कोणत्या जातीचा?"

वर्ग गप्प झाला. सखाराम जन्माने ब्राह्मण आहे, नाटकात ते स्पष्ट आले आहे. लहानपणी बापाचा मार खाऊन तो घरातून पळालेला आहे. सखाराम वाचून कोणी 'त्या लोकांत हे असतंच' म्हटले नाही. त्या वेळी चर्चा झाली ती पुरुषाच्या वासनेची, लग्नसंस्थेची, नीती-अनीतीची. दामल्यांवरून प्राध्यापकवर्गाची कोणी परीक्षा केली नाही. चारचौघांत बायकोला पदोपदी गप्प बसवणाऱ्या काशीकरांवरून काशीकरांच्या जातीचे काय ते ठरवले नाही. सखाराम मारतो तेव्हा एक माणूस मारतो. अरुण मारतो तेव्हा मात्र त्याची सबंध जात मारते. हे असे का, एवढेच मला विचारायचे होते. बाई म्हणाल्या, "हा प्रश्न परीक्षेत येणार नाही, पण वहीत लिहून ठेवा." मला त्या दिवशी मोठा विजय मिळवल्यासारखे वाटले.

रात्री घरी आले तर आई सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. "आज लई खुशीत दिसतीस," म्हणाली. मग मी तिला 'कन्यादान'ची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आईने नाट्यगृहाचे तोंड पाहिलेले नाही, पण गोष्ट ऐकावी तर तिने. मध्ये एक शब्द बोलत नाही. शेवट सांगून झाला तेव्हा तिचे हात थांबले.

"आन् त्याची माय कुठं होती?"

"ती नाटकात नाही."

"नाही म्हंजी? मेली होती का?"

"नाही गं. तो फक्त सांगतो तिच्याबद्दल. बाप पिऊन यायचा आणि तिला मारायचा, आपण त्याच बापाचा पोरगा, असं."

आई पुन्हा पाखडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "जिनं जलमभर मार खाल्ला, तिला कुनी इचारलंच नाही म्हन की."

त्या एका वाक्याने माझा दुपारचा विजय फिका पडला. सखारामची जात विचारून मी वर्गाला गप्प केले होते. पण अरुणची आई मलाही दिसली नव्हती. दामले कुठे आहेत असे विचारणारी मी, त्या सहा बायकांचा हिशेब ठेवणारी मी, आणि माझ्याच वस्तीतली ही बाई माझ्या नजरेआड राहिली होती.

मग मी नाटक पुन्हा काढले. सारे प्रवेश देवळालीकरांच्या बैठकीच्या खोलीत घडतात. अरुणचे घर एकदाही दिसत नाही. अरुण त्या खोलीत पहिल्यांदा येतो तेव्हा त्याला अवघडल्यासारखे होते, असल्या घरात जीव घुसमटतो असे तो ज्योतीला सांगतो. ते मला चांगले कळते. एका मैत्रिणीच्या बंगल्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा चपला कुठे काढायच्या इथपासून माझी अडचण झाली होती. अवघडलेला माणूस एक तर मुका होतो किंवा नको ते बोलतो. अरुण नको ते बोलतो. पण तो ज्योतीचा हात पिरगाळतो तो त्या खोलीमुळे नव्हे. तो हात त्याने दुसऱ्या एका घरात पाहिलेला आहे, आणि ते घर आपल्याला दाखवलेले नाही.

नाटकात जयप्रकाश एक विचार मांडतो. काल ज्यांनी छळ सोसला तेच आज दुसऱ्यांचा छळ करतात, असा त्याचा आशय. वर्गात हे सर्वांना फार पटले होते, अनेकांनी ते उतरवूनही घेतले. पण अरुणच्या आईकडे पाहिले की तो विचार टिकत नाही. अरुणने जे सोसले ते सगळे तिनेही सोसले, त्यावर नवऱ्याचा मार वेगळा. तिच्याहून जास्त कोणी सोसले? मग तिने कोणाला छळले? सोसल्यामुळेच माणूस क्रूर होत असता तर सगळ्यात क्रूर तीच व्हायला हवी होती. अरुण मारतो याला त्याचे सोसणे कारण नाही. मारणे हा नवऱ्याचा हक्क आहे, हे तो बापाकडून शिकला. सखारामही बापाकडूनच शिकला. इथे ब्राह्मणाचे घर आणि आमचे घर यांत मला फरक दिसत नाही.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात अडखळतो आहे. माझे आजोबा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत होते. लाठ्या खाल्ल्या, कोठडीत राहिले. १४ जानेवारी १९९४ ला नामांतर झाले तेव्हा वस्तीत त्यांना खांद्यावर घेऊन नाचले होते, असे आई सांगते. मी आज शिकते आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मुलीला शाळेतून काढायची नाही, हा घरातला नियम त्यांनी घातला. आणि हेच आजोबा आजीला मारायचे. पोलिसांची लाठी बसलेली त्यांची पाठ आजी विटकरीने शेकायची, आणि तिची पाठ माझी आई शेकायची. आजोबा गेले तेव्हा मोठी मिरवणूक निघाली. आजीविषयी त्या दिवशी एकही माणूस बोलला नाही.

मी हे लिहिते आहे असे काकांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "घरातलं घरात राहू दे, बाई. लोक आधीच काय कमी बोलतात आपल्याबद्दल?" काकांची भीती खोटी नाही. 'त्या लोकांत हे असतंच' म्हणणारा मुलगाही हा अंक वाचणार आहे. त्याच्या हातात मी आयताच पुरावा देते आहे, असे काकांना वाटते. मलाही दोन रात्री तसेच वाटत होते.

पण माझ्या आधी धीर करणाऱ्या बायका झाल्या आहेत. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. त्यात उपासमार आहे, अस्पृश्यतेचा जाच आहे, बाबासाहेबांमुळे उजळलेले मन आहे, आणि त्याच पानांत सुनांना होणारी मारझोडही आहे. त्यांनी एक सांगण्यासाठी दुसरे झाकले नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये, २००३ मध्ये, बांबूची सुपे-टोपल्या विणणारी आई आहे. 'कन्यादान'च्या रंगमंचावर न आलेली आई या पुस्तकांतून आली, आणि स्वतःच्या तोंडाने बोलली. या बायकांच्या लिहिण्याने चळवळीचे काही बिघडले नाही. ज्यांना नावे ठेवायची होती ते त्यांच्या आधीही ठेवतच होते.

म्हणून त्या मित्राला मला सांगावेसे वाटते, माझ्या आजीची पाठ ही तुझ्या मताचा पुरावा नाही. तुझ्या आजीलाही एकदा विचारून बघ. ती काही सांगेलच असे नाही, पण विचार.

तेंडुलकरांवर माझा राग आहे का? थोडा आहे. अरुणला त्यांनी बैठकीच्या खोलीत उभे केले आणि त्याच्या मागचे दार बंद ठेवले. तिथून एक म्हातारी बाई आत आली असती तर नाटक वेगळे झाले असते. पण त्यांनी नाथ देवळालीकरांनाही सोडलेले नाही, हेही खरे. जातिभेद मोडण्याच्या कल्पनेवर नाथांचे इतके प्रेम आहे की पोटची मुलगी त्यात आपण दान करून टाकली, हे त्यांना उशिरा कळते. दान दिलेली वस्तू परत मागता येत नाही. आणि ज्योती? माणूस स्वीकारायचा तर मारासकट स्वीकारायचा, हा तिचा निर्णय मला मान्य नाही. माझ्या आजीने तसा स्वीकार चाळीस वर्षे केला. त्याने आजोबा बदलले नाहीत. बदल झाला तो वडिलांच्या वेळी. वडिलांनी आईवर पहिल्यांदा हात उगारला तेव्हा आजी मध्ये येऊन उभी राहिली. "माझ्यावर झालं तेवढं बस," एवढेच म्हणाली. तो हात पुन्हा उठला नाही. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट आहे. आमच्या घरातली सगळ्यात मोठी सुधारणा तीच, असे मी समजते. तिची बातमी कुठे आली नाही आणि तिच्यावर परिसंवादही झाला नाही.

'कन्यादान'मध्ये लेकीच्या अंगावरचे वळ पाहून सेवा तळमळते, नवऱ्याशी वाद घालते. स्त्रियांच्या संघटनेत काम केलेली ही बाई. पण उठून गावाकडे जाऊन अरुणच्या आईला भेटावे, असे तिच्या मनात येत नाही. दोन विहिणी समोरासमोर बसल्या असत्या तर काय बोलल्या असत्या? एकीने स्त्रीमुक्तीवर भाषणे दिलेली, दुसरीने भाषण कधी ऐकलेलेही नाही. हा प्रवेश कोणी लिहिलेला नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही काही मुली तो लिहून पाहणार आहोत. अरुणच्या आईची वाक्ये कशी असावीत, ते मी माझ्या आजीला विचारणार आहे.